जाळं पाण्यात असताना आणि जाळं बोटीवर असताना: मच्छीमार बोटीसाठी समुद्री वाहतुकीचे नियम

रात्रीचे दोन वाजलेत. जाळं ओढून झालंय, बोट परतीला लागलीय. डेकवर मोठे पांढरे दिवे लावून खलाशी मासळी निवडतायत. सुकाणूवर एकटा माणूस, तोही दोन रात्रींचा जागलेला. उजवीकडून एक जहाज येताना दिसतं. कुणीतरी विचारतं, तेव्हा उत्तर मिळतं, "आपण मासेमारीवाले, त्यानंच वळायचं. आणि एवढा उजेड लावलाय, दिसतोच की आपण त्याला."

या उत्तरात दोन चुका आहेत आणि दोन्ही जिवावर बेतणाऱ्या आहेत. जाळं बोटीवर आलं त्या क्षणी नियमाच्या लेखी ती बोट मासेमारी करणारी राहत नाही. ती साधी इंजिनाची बोट होते आणि उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाला वाट देणं तिचंच काम ठरतं. राहिला उजेड. त्यानं बोट आहे एवढं कळतं. ती काय करतेय, कुठे तोंड करून चाललीय, हे त्याच झगमगाटात बुडून जातं.

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम २० ऑक्टोबर १९७२ रोजी स्वीकारले गेले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. मोठ्या जहाजांवर ते पाठ असतात. बोटींवर मात्र ते बहुतेक वेळा ऐकीव असतात, एका तांडेलाकडून (बोटीच्या प्रमुखाकडून) दुसऱ्याकडे गेलेले, वाटेत थोडे बदललेले. खुल्या समुद्रात आणि त्याला जोडलेल्या जलमार्गांत ते प्रत्येक नौकेला लागू आहेत, अगदी लहान होडीलासुद्धा. बंदराचे आणि देशाचे आपापले नियम याच्या जोडीला असतात, ते तिथल्या बंदर कार्यालयातून समजून घ्यावेत. इथे मी नियमांच्या क्रमानं जात नाही. बोटीवर ज्या क्रमानं त्यांची गरज पडते, त्या क्रमानं सांगतो.

पायरी १: या घडीला आपण कोण आहोत, ते ठरवा

समुद्रावरची बोट प्रत्येक क्षणी एका कुठल्या तरी प्रकारात मोडते. दिवे, वाट देणं, भोंगा, सगळं त्यावर ठरतं. बोटीवर नंबर कुठला रंगवलाय किंवा परवाना कशाचा आहे, याचा इथे संबंध नाही.

जाळं, ट्रॉल (बोटीमागे ओढायचं जाळं) किंवा गळांची लांब दोरी पाण्यात आहे आणि त्यामुळे बोटीला मोकळेपणानं वळता येत नाही, तेव्हा ती मासेमारी करणारी नौका. शब्द नीट पाहा: वळता येत नाही. दोन-चार दोऱ्यांना गळ लावून बोट चालवत मासे धरत असाल, तर वळायला काही अडचण नसते. म्हणून नियमानं ती मासेमारीची नौका धरली जात नाही आणि इतरांनी तिला वाट द्यायची ती सवलतही नाही.

जाळं बोटीवर आहे आणि तुम्ही जागेकडे निघालाय किंवा घरी परतताय, तर तुम्ही इंजिनाची साधी बोट.

इंजिन बंद करून, नांगर न टाकता वाहत पडला असाल, तरीही तुम्ही चालती बोटच. "आम्ही तर थांबलो होतो" हे इथे चालत नाही. नांगरावर नाही, धक्क्याला बांधलेली नाही आणि रुतलेलीही नाही, अशी प्रत्येक नौका नियमानं चालती धरतात. म्हणजे वाहत पडून सगळ्यांनी झोपायचं, ही पद्धत नियमाबाहेरची आहे आणि ती मोठी जोखीम आहे.

सुकाणू तुटलं, इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला होणं हातातच राहिलं नाही, तर तुम्ही ताबा सुटलेली नौका.

पायरी २: तेच दिव्यांनी खरं सांगा

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि दिवसासुद्धा धुकं किंवा जोराचा पाऊस असेल तर, दिवे लागलेच पाहिजेत.

चालत्या इंजिनाच्या बोटीला उजवीकडे हिरवा, डावीकडे लाल, मागे पांढरा आणि डोलकाठीवर पुढे तोंड केलेला पांढरा. बोट १२ मीटरपेक्षा लहान असेल, तर डोलकाठीवरच्या आणि मागच्या दिव्याऐवजी चोहीकडून दिसणारा एकच पांढरा दिवा आणि बाजूचे लाल-हिरवे, एवढं चालतं.

ट्रॉल ओढताना चोहीकडून दिसणारा हिरवा आणि त्याच्याखाली पांढरा. बाकी कुठल्याही जाळ्यानं किंवा गळांच्या दोरीनं मासेमारी चालू असेल तर लाल आणि त्याच्याखाली पांढरा. बोट पाणी कापत पुढे जात असेल तर बाजूचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा हेही हवेत. एका जागी असाल तर ते बंद. तुमचं जाळं बोटीपासून १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल (हे ट्रॉल सोडून इतरांसाठी), तर ज्या बाजूला जाळं आहे त्या बाजूला आणखी एक पांढरा दिवा. तरंगत्या जाळीवाल्यांनी हा शेवटचा दिवा कधीच विसरू नये. जहाजाला तुमची बोट दिसते, जाळं दिसत नाही. बोटीला वळसा घालताना जाळ्यावरून जायचं की दुसरीकडून, हे त्याला सांगणारा हाच एक दिवा आहे.

नांगरावर असताना एक पांढरा. मात्र नांगर टाकून मासेमारी चालू असेल तर नांगराचा दिवा न लावता मासेमारीचेच दिवे. ताबा सुटला तर चोहीकडून दिसणारे दोन लाल, एकाखाली एक.

दिवसा हेच काम काळ्या आकृत्या करतात: मासेमारीला टोकाला टोक जोडलेले दोन शंकू, नांगरावर एक गोळा, ताबा सुटल्यास दोन गोळे. एकदा बनवून घेतले की वर्षानुवर्षं टिकतात.

आता ज्या चुका सर्रास होतात त्यांच्याबद्दल.

पहिली म्हणजे जाळं वर आलं तरी लाल-पांढरा किंवा हिरवा-पांढरा जळतच ठेवणं. मासेमारी चालू नसताना हे दिवे लावायला नियमानं सरळ मनाई आहे. जहाजावरचा अधिकारी तुमचा दिवा पाहतो, समजतो की ही बोट जवळपास जागेवर राहणार, आणि त्या हिशोबानं वाट आखतो. तुम्ही मात्र आठ नॉटनं (तासाला आठ सागरी मैलांनी) त्याच्या समोरून चाललेले असता. म्हणून जाळं ओढण्याच्या कामातच हे घालून टाका: शेवटची दोरी वर आली की ती ओढणाऱ्यानंच ओरडून सांगायचं आणि सुकाणूवाल्यानं त्याच दमात मासेमारीचे दिवे बंद करून चालतीचे लावायचे.

दुसरी चूक डेकवरच्या मोठ्या दिव्यांची. त्यांच्या झोतात तुमचे रंगीत दिवे विरघळून जातात आणि सुकाणूवरच्या माणसाला काळोखातलं काही दिसेनासं होतं. ते दिवे खाली डेककडे वळवून त्यांना वरून आडोसा करा. काम संपलं की लगेच बंद करा. अंधाराला डोळे पुरते सरावायला साधारण अर्धा तास लागतो आणि ती नजर एका झगमगाटात जाते.

तिसरी चूक साध्या बल्बवर रंगीत कागद गुंडाळण्याची. बोट लहान असली तरी चोहीकडून दिसणारा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. कागदाआडचा दिवा तेवढा पोचत नाही. बोट २० मीटरपेक्षा लहान असेल तर एकाखाली एक लावायच्या दोन दिव्यांत किमान एक मीटर अंतर ठेवा, नाहीतर लांबून ते एकमेकांत मिसळतात. लुकलुकणाऱ्या रंगीत माळा तर काढूनच टाका. बोयांवरचे (वाट दाखवायला पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणांवरचे) दिवे लुकलुकतात; तुमची बोट बोया समजली जाणं कुणालाच परवडणार नाही.

पायरी ३: जागा माणूस

नियम म्हणतो की प्रत्येक नौकेनं सदासर्वकाळ नीट टेहळणी ठेवली पाहिजे. डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या प्रत्येक साधनानं. यात जाळं ओढण्याची वेळ वगळलेली नाही, जेवणाची नाही आणि परतीची तर मुळीच नाही.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती परतीचीच. मेहनत संपलेली असते, अंग सैल पडतं, इंजिनाचा एकसुरी आवाज असतो आणि सुकाणूवर बसवतात तो बहुधा सगळ्यांत तरुण, म्हणजे डेकवर सगळ्यांत जास्त राबलेला. तांडेलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: शेवटच्या ओढीच्या आधी एकाला झोपायला पाठवा. दोन हात कमी पडतील, ओढायला थोडा जास्त वेळ लागेल, पण परतीला एक ताजा माणूस मिळेल. मासेमारीतल्या कामाबद्दलचा २००७ चा आंतरराष्ट्रीय करार तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटींसाठी २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती सांगतो. तुमची फेरी लहान असली, तरी शरीराचा हिशोब काही वेगळा नसतो.

पाळीवर असलेल्याच्या हातात मोबाइल नको. त्यानं उभं राहावं किंवा टेकून बसावं, आडवं होऊ नये. दर काही मिनिटांनी मागेही पाहावं, कारण जहाज तुमच्यापेक्षा जोरात असतं आणि पुष्कळदा मागूनच येतं.

पायरी ४: टक्कर होणार का, हे ओळखा

हा भाग सावकाश वाचा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

अठरा नॉटनं येणारं जहाज मिनिटाला सुमारे ५५० मीटर कापतं. सहा सागरी मैलांवर दिसलेलं जहाज वीस मिनिटांत तुमच्यापाशी असतं; तुम्ही समोरून सहा नॉटनं जात असाल तर पंधरा मिनिटांतच. आणि त्याच्या नाळेपुढचं, म्हणजे पुढच्या टोकासमोरचं, पाणी त्याच्या पुलावरून, म्हणजे जहाज चालवायच्या उंच खोलीतून, पूर्ण दिसत नाही. पुढचा न दिसणारा पट्टा जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी त्यापेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. म्हणजे मोठ्या जहाजापुढे जवळजवळ अर्धा किलोमीटर पाणी असं असू शकतं, जिथे तुमची बोट असली तरी पुलावरच्या माणसाला ती दिसणारच नाही. तेवढं अंतर कापायला त्याला मिनिटही लागत नाही. लाकडाची आणि फायबरची बोट रडारवर फिकी उमटते, लाटा असतील तर लाटांतच हरवते. "त्याला दिसतोय आपण" हे गृहीत धरायची सोय इथे नाही. रडार परावर्तक (रडारच्या लहरी परत फेकणारं धातूचं साधन) डोलकाठीवर जमेल तितका उंच लावा, तेवढीच मदत होते.

मग ओळखायचं कसं? कंपासवरून त्या जहाजाची दिशा घ्या. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. दिशा तीच आहे आणि जहाज मोठं दिसू लागलंय, तर तुम्ही एकाच बिंदूकडे चालला आहात. दिशा सरकत असेल तर ते तुमच्या पुढून किंवा मागून जाईल. कंपास नसेल तर एका जागी बसून बोटीच्या एखाद्या खांबाशी जहाज जुळवा आणि पाहत राहा. पण त्या वेळी बोट अगदी सरळ चालली पाहिजे, नाहीतर हा अंदाज फसवा ठरतो. जहाज फार मोठं असेल, किंवा टग (ओढणारी बोट) मागे बार्ज (सपाट मालवाहू नौका) ओढत असेल, तर दिशा थोडी सरकली तरी निर्धास्त होऊ नका. नाळ चुकली तरी मागचा भाग किंवा बार्ज आडवी येते.

रात्री डोलकाठीवरचे दोन पांढरे दिवे खूप सांगून जातात. ५० मीटर आणि त्याहून लांब जहाजाला पुढचा खाली, मागचा वर, असे दोन असतात. खालचा दिवा वरच्याच्या उजवीकडे दिसला तर ते तुमच्या उजवीकडे चाललंय, डावीकडे दिसला तर डावीकडे. दोन्ही एका रेषेत, एकावर एक आले आणि खाली लाल-हिरवा दोन्ही दिसू लागले, तर जहाज नेमकं तुमच्यावर रोखलेलं आहे. टगला पुढून एकावर एक दोन पांढरे असतात, ओढण लांब असेल तर तीन. असे दिवे दिसले की त्याच्या मागून कधीही घुसू नका. तिथे पाण्यात किंवा पाण्याखाली दोर असतो.

पायरी ५: वाट कोण देणार, आणि कशी

जाळं बोटीवर असताना तुम्ही आणि समोरचा, दोघंही इंजिनाचे. मग तीन प्रसंग. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. तुम्ही मागून गाठून पुढे जात असाल तर बाजूला राहायचं काम तुमचं. आडवे येत असाल तर जो समोरच्याला आपल्या उजव्या हाताला पाहतो, त्यानं वाट द्यायची. उजवीकडून आडव्या येणाऱ्याचा तुम्हाला लाल दिवा दिसतो. लाल दिसला, तुम्ही थांबा किंवा त्याच्या मागून जा. त्याच्या नाळेपुढून जायचा मोह नको.

जाळं पाण्यात असताना इंजिनाचं जहाज आणि शिडाची नौका, दोघांनीही तुमच्यापासून दूर राहायचं. मात्र ताबा सुटलेली नौका आणि गाळ उपसणं, केबल टाकणं अशा कामात अडकलेली नौका यांना शक्य तितकी वाट तुम्ही द्यायची. त्या दुसऱ्या नौकेचे दिवे लाल-पांढरा-लाल असतात. एकाखाली एक तीन लाल दिवे दिसले, तर त्या जहाजाचा तळ पाण्यात इतका खोल जातो की त्याला बाजूला व्हायला पुरेसं खोल पाणीच नाही. त्याच्या वाटेत राहू नका.

वाट द्यायची तर लवकर द्या आणि मोठी द्या. दोन-तीन अंशांनी हळूहळू वळणं समोरच्याला कळतच नाही. एवढं वळा की रात्री त्याला तुमचा दुसरा दिवा दिसू लागेल. वळून झाल्यावर तो पुरता मागे जाईपर्यंत नजर ठेवा.

आणि वाट त्यानं द्यायची असेल, तर? तुम्ही आपली दिशा आणि वेग राखायचा, म्हणजे त्याला हिशोब करता येतो. तो काहीच करत नाही असं दिसलं की भोंग्याचे किमान पाच छोटे, भराभर आवाज, सोबत दिव्याच्या पाच झपझप उघडझाप. याचा अर्थ, तुझं काय चाललंय ते कळत नाही. त्यानंतर स्वतः हलायला नियमच मुभा देतो. आणि आता एकट्या त्याच्या वळण्यानं टक्कर टळणार नाही अशी वेळ आली, तर हलणं तुमच्यावर बंधनकारक होतं. डावीकडून येणाऱ्यासाठी डावीकडे वळू नका. तो शेवटच्या क्षणी उजवीकडे वळला तर दोघं एकाच बाजूला याल.

जाळं पाण्यात असेल तर हे सांगणं सोपं, करणं कठीण. म्हणून तयारी आधीच हवी. धारदार सुरी किंवा कुऱ्हाड दोराजवळ ठेवलेली असावी आणि दोराच्या टोकाला बांधायला एक मोठा बोया तयार असावा. सोडलेलं जाळं त्या बोयावरून पुन्हा सापडू शकतं. दोर कापायचा निर्णय कोण घेणार, हे बंदरातच ठरवा. तांडेल झोपला असेल तर पाळीवरच्या माणसाला तो अधिकार आहे, असं सगळ्यांसमोर सांगून ठेवा. जाळ्याच्या किमतीची भीती वाटून पोरगा थांबून राहिला, असं व्हायला नको.

पायरी ६: जिथे मासेमारीची सवलत संपते

अरुंद चॅनलमध्ये (जहाजांच्या चिंचोळ्या जलमार्गात) जाळं टाकलेल्या बोटीनं चॅनलमधून जाणाऱ्या कुठल्याही नौकेची वाट अडवायची नाही. २० मीटरपेक्षा लहान बोटीनं, जाळं असो नसो, फक्त चॅनलमध्येच चालू शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. चॅनलमध्ये शक्यतो नांगरही टाकू नये.

बंदरांच्या तोंडाशी किंवा सामुद्रधुनीत जहाजांसाठी ये-जा करायच्या वेगळ्या पट्ट्या नकाशावर आखलेल्या असतात. अशा पट्टीतून जाणाऱ्याची वाटही मासेमारी करणाऱ्यानं अडवायची नाही. ती ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर जास्त वेळ पट्टीत राहता आणि जहाजाला तुमची दिशाही पटकन कळत नाही. या पट्ट्या तुमच्या नकाशावर किंवा जीपीएसमध्ये आहेत का, ते निघण्याआधी पाहून घ्या. आणि बोयाला कधीही बोट किंवा जाळं बांधू नका. तो सरकला किंवा विझला, तर त्याच्या भरवशावर येणारा पुढचा माणूस कदाचित तुमच्याच गावचा असेल.

पायरी ७: धुकं आणि दाट पाऊस

एकमेकांना डोळ्यांनी पाहता येत नाही तेव्हा वर सांगितलेली वाट द्यायची क्रमवारी लागू राहत नाही. जाळं असलं तरी जहाजानंच वळावं असं म्हणता येत नाही. वेग उतरवून सावधपणे चालणं सगळ्यांवर सारखंच येतं.

वेग कमी करा, दिवे लावा, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा. एक माणूस नाळेवर बसवा, इंजिनापासून दूर, फक्त ऐकायला. शक्य असेल तर थोड्या थोड्या वेळानं इंजिन मिनिटभर बंद करून कान द्या. भोंगा दर दोन मिनिटांच्या आत वाजवायचा: बोट चालत असेल तर एक लांब, नांगर न टाकता बोट थांबलेली असेल तर दोन लांब, मासेमारी चालू असेल तर एक लांब आणि दोन छोटे. लांब म्हणजे चार ते सहा सेकंद, छोटा म्हणजे एक. बोट १२ मीटरपेक्षा लहान असेल तर दुसऱ्या कुठल्याही दणदणीत आवाजानं भागतं, पण तोही दोन मिनिटांच्या आत झाला पाहिजे. पुढच्या बाजूनं दुसऱ्याचा भोंगा ऐकू आला आणि टक्कर होणार नाही अशी खात्री नसेल, तर फक्त सुकाणू धरेल एवढाच वेग ठेवा, गरज पडली तर थांबा. धुकं पडायची चिन्हं दिसली की उथळ पाण्याकडे सरकणं शहाणपणाचं. जिथे मोठं जहाज येऊच शकत नाही, तिथे नांगर टाकून धुकं उतरू द्या.

पायरी ८: रेडिओ

व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) चॅनल १६ ऐकत राहा आणि त्यावर गप्पा मारू नका. त्याच चॅनलवर कुणीतरी बुडताना हाक मारत असतं. जहाजाला हाक मारताना "समोरच्या जहाजा" असं म्हणून उपयोग नाही, प्रत्येकाच्या समोर एक जहाज असतंच. एआयएस (जवळच्या जहाजांची नावं आणि जागा दाखवणारं यंत्र) असेल तर नाव घ्या. नसेल तर तुमची जागा, त्याची दिशा आणि तुमच्या बोटीचं वर्णन सांगा. पण बोलण्यात वेळ घालवून वळायचं राहून गेलं, असं होऊ देऊ नका. वळून मग बोला.

जिवाचा धोका असेल तर: "मेडे" तीन वेळा, बोटीचं नाव तीन वेळा, पुन्हा "मेडे" आणि नाव, मग जागा, काय झालंय, किती माणसं आहेत, कसली मदत हवी. हे वाक्य कोऱ्या जागा सोडून मोठ्या अक्षरात लिहून रेडिओशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला वाचता येतं, आठवत नाही. रेडिओवर झाकणाखाली लाल बटण असेल, तर झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरल्यावर डिजिटल हाक जाते. पण तिच्यात तुमची जागा आपोआप जायला रेडिओला जीपीएस जोडलेलं असावं लागतं. ते जोडलंय का, हे धक्क्यावर असतानाच तपासा. संकटाची खूण म्हणून लाल हातबत्ती (फ्लेअर) पेटवली तर ती वारा जिकडे चाललाय त्या बाजूला, बोटीबाहेर धरा, म्हणजे निखारे अंगावर आणि जाळ्यावर पडणार नाहीत.

निघण्याआधीची दहा मिनिटं

एक माणूस धक्क्यावर उभा राहू दे आणि दुसऱ्यानं बोटीवरचे दिवे एकेक करून लावावेत: आधी चालतीचे, मग मासेमारीचे, मग नांगराचा, मग दोन लाल. धक्क्यावरच्यानं प्रत्येक वेळी ओरडून सांगायचं, ही बोट काय करतेय असं दिसतंय. पुढून पाहून झालं की बाजूनं, मग मागून. दर फेरीला धक्क्यावर वेगळा खलाशी उभा करा, सगळ्यांत नव्यालाही. ज्याला उत्तर देता आलं नाही, त्याला त्या फेरीत रात्रीच्या पाळीला एकटं बसवू नका.